घरचाच तुकडा

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी दुपारचे दोन वाजले, तरी काल्मान कोच्चिशच्या दारात बुटांचे तीनच जोड होते. दर वर्षी या दिवशी सेगेडच्या सागरटाकी मंडळातले लोक एकमेकांच्या घरी खाऱ्या पाण्यात वाढवलेल्या प्रवाळांच्या टाक्या बघत हिंडायचे, आणि अठरा वर्षं ही फेरी काल्मानच्या घरून निघत आली होती. सकाळी दहालाच जिन्यापर्यंत बूट साचायचे. शेजारच्या मारिश्का आजी दार किलकिलं करून विचारायच्या, "काय रे, आज लग्न आहे की मयत?"

यंदा मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे जनावरांचे डॉक्टर वेंडेल यांनी, क्रम बदलला होता. आठवड्यापूर्वीच त्यांचा फोन आला होता. "सुरुवात एमोकेकडून करू या, काल्मान. मग सावकाश तुझ्याकडे. तुझी टाकी काय, सगळ्यांची बघून झालीय."

"बघून झालीय म्हणे," फोन ठेवून तो बायकोला म्हणाला. त्या आठवड्यात हे वाक्य त्याने एतेल्काला निदान दहादा ऐकवलं.

जे तिघे आले त्यांत दोन विद्यार्थी होते आणि एक रेल्वेतले निवृत्त गृहस्थ. एतेल्काने ताज्या पोगाचांनी भरलेली परात त्यांच्यापुढे ठेवली. चाळीस माणसांच्या हिशेबाने तिने त्या खाऱ्या, खुसखुशीत वड्या भाजल्या होत्या. तिघांनी तोंडं भरली आणि एमोकेच्या टाकीबद्दल बोलायला लागले. तिथला जांभळा रंग, तिथल्या फांद्या, तिथला प्रकाश. मग एकाला भान आलं. काल्मानच्या टाकीकडे वळून तो म्हणाला, "तुमचीही छान आहे हं."

ते 'ही' काल्मानला असं टोचलं की पाहुणे गेल्यावरही तो दारातच उभा राहिला.

काल्मान शहराच्या पाणीपुरवठ्यात पंपांचा फिटर होता. तारयान भागातल्या, काँक्रीटच्या तयार पॅनेलांच्या इमारतीत, तळमजल्यावर, तो आणि एतेल्का तीस वर्षं राहत होते. तळमजला मुद्दाम घेतला होता, कारण बाराशे लिटरची टाकी वरच्या मजल्यावर ठेवायला कुणी परवानगी दिली नसती. ज्या देशाला समुद्रकिनारा नाही तिथे या माणसाने दिवाणखान्यात समुद्र मांडला होता. खुद्द त्याने समुद्र एकदाच पाहिला होता, तोही एड्रियाटिक, जिथे प्रवाळांची बेटं नावालाही नाहीत. पण पाणी त्याला कळायचं. दर रविवारी सकाळी तो मीठ मोजून शंभर लिटर पाणी कालवायचा, टाकीतलं तेवढंच जुनं काढायचा, क्षार तपासायचा आणि वहीत लिहायचा. ओलाव्याने कपाटामागची भिंत दर वर्षी काळी पडायची. सुट्टीला दोघं एकत्र कुठे गेल्याला पंधरा वर्षं झाली होती. "माझी सवत पंचवीस अंशावर राहते," एतेल्का पोस्टातल्या मैत्रिणींना सांगायची, "आणि मला मात्र हा म्हणतो, हीटर कशाला, स्वेटर घाल."

टाकीच्या मधोमध फांद्या-फांद्यांचं एक निळं प्रवाळ होतं. अंगठ्याएवढा तुकडा आणून त्याने वाढवलेलं, आता धुण्याच्या टोपलीएवढं. त्याचं नाव त्याने बायकोला खूश करायला 'एतेल्का' ठेवलं होतं. मंडळातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे त्याचा एखादा तुकडा होता. लोक त्याला 'समुद्र-काल्मान' म्हणायचे. ट्रॅममध्ये अनोळखी माणूस विचारायचा, "तुम्हीच ना ते?" तेव्हा तो "अहो कसलं काय," असं म्हणत पुढचे दोन थांबे बोलत राहायचा.

एमोके बारान्यी पाच वर्षांपूर्वी त्याच्या दारात आली होती, हातात मासेमारीचा थंड डबा घेऊन. वय तिशीच्या आसपास. दातांच्या प्रयोगशाळेत ती कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या बनवायची, एकेका माणसाच्या दाताचा रंग दुसऱ्या दाताशी जुळवायची. "काल्मानकाका," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला काही म्हणजे काहीच येत नाही. रागावलात तरी चालेल, पण शिकवा."

त्याने शिकवलं. रागावलाही. तिने पाठवलेले पाण्याचे आकडे बघून फोनवर ओरडायचा, "पोरी, हा समुद्र आहे, लोणच्याची बरणी नाही!" तिला पहिला पंप त्याने दिला, पहिले दिवे त्याने लावून दिले, आणि निळ्या एतेल्काचा पहिला तुकडा त्याने स्वतः तोडून दिला. वर्षभरात ती चुकेनाशी झाली. दुसऱ्या वर्षी ती त्याला न विचारता गोष्टी करायला लागली, आणि त्या बरोबर यायच्या. चौथ्या वर्षी तिच्याकडची निळी एतेल्का त्याच्याकडच्यापेक्षा निळी झाली.

हे त्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तिच्या घरी प्लंबिंगला मदत करायला गेला होता. हातात पाना घेऊन तो टाकीसमोर थांबला. त्याच्याच प्रवाळाचं पोर, पण टोकांना असं जांभळं तेज आलं होतं की डोळा ठरत नव्हता. काय करतेस, असं विचारायचं होतं; तो पाना पुसत राहिला. तिथे आलेल्या कुणीतरी विचारलं, "हे कुठून मिळालं?" आणि एमोके अभिमानाने म्हणाली, "हे काल्मानकाकांचं. माझ्याकडचं सगळं काल्मानकाकांचंच." तिने श्रेय लाटलं असतं तर तो तिला मनसोक्त शिव्या देऊ शकला असता. तीही सोय तिने ठेवली नव्हती.

घरी आल्यावर त्याने नवे दिवे मागवले. महिनाभराने ते उतरवून जुने लावले. मग प्रवाह वाढवला, मग कमी केला. रविवारच्या वहीत खाडाखोड वाढली.

"तुझं पोट दुखतंय," एतेल्का म्हणाली.

"कशाने दुखेल?"

"त्या पोरीच्या टाकीने. पन्नाशी उलटलेला माणूस तू, तिच्याकडे हातातून चमचा हिसकावून घेतलेल्या पोरासारखा बघतोस."

"मूर्खासारखं बोलू नकोस," तो म्हणाला आणि टाकीच्या मागे जाऊन उगीच नळ्या हलवत बसला.

ऑक्टोबरातल्या त्या फेरीनंतर, फेब्रुवारीत, त्याच्या निळ्या एतेल्काच्या बुडाशी फिकट ठिपके दिसायला लागले, जणू कुणी पेन्सिलीच्या खोडरबराने रंग पुसला होता. त्याने भिंग लावलं. फांदीवर ड्रॉपरने पाण्याचा जोराचा झोत मारला. पारदर्शक, चपटे, नखाच्या कडेएवढे दोन जीव सुटून पाण्यात वळवळत खाली गेले. प्रवाळ खाणारे चपटे किडे. इतक्या वर्षांत ते त्याच्या टाकीत एकदाही आले नव्हते, कारण बाहेरून आलेला प्रत्येक तुकडा तो औषधाच्या पाण्यात बुडवून, घासून मगच आत सोडायचा. या वेळी कुठे चुकलं ते त्याला कळेना. कुणाला विचारायचं, तर आधी सांगावं लागलं असतं. वेंडेलला कळलं की सगळ्यांना कळलं. आणि समुद्र-काल्मानच्या टाकीत कीड, ही बातमी एमोकेपर्यंत पोचलीच असती.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. "काका, एक लाडाचं मागणं आहे. तुमच्या त्या पिवळट-हिरव्या फांदीचा एक तुकडा द्याल? माझ्याकडे एका बाजूला रिकामं दिसतं."

ती फांदी निळ्या एतेल्काला चिकटूनच वाढलेली होती.

एमोके शनिवारी आली, गाल थंडीने लाल झालेले. काल्मानने चिमट्याने तुकडा तोडला आणि पेल्यात टाकला. ती पेला उजेडात धरून बघत होती. "घरी गेल्यावर बुडवते औषधात," ती सहज म्हणाली, जसं कुणीही म्हणेल, जसं त्यानेच तिला शिकवलं होतं.

काल्मानला पुढे कधी आठवलं नाही की उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागला. "बुडवू नकोस," तो म्हणाला. "या जातीला औषध सोसत नाही. आणि घरचाच तुकडा आहे, माझ्या टाकीतला. त्यात काय असणार?"

"ते तर खरंच," एमोके हसली. "तुमच्याइतकी स्वच्छ टाकी कुणाची आहे?"

एतेल्का स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. सगळा आठवडा नवऱ्याने भिंग कशासाठी काढलंय, हे तिला पक्कं कळलेलं नव्हतं, पण बुडवू नकोस असं त्याने कुणालाही सांगितलेलं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. एमोके गेल्यावर ती म्हणाली, "काल्मान?"

"काय?"

"काही नाही." ती आत गेली.

इस्टरला एमोकेने त्याबदल्यात आपल्याकडचा एक हिरवा तुकडा आणून दिला, सोबत घरी बनवलेला हॅमचा मोठा तुकडा. तोवर त्याला झोपेत सारखं एकच दिसायचं : तिच्या टाकीतले ठिपके. ते खरंच पडलेत का, हे विचारायची सोय नव्हती. तिच्या तोंडावरून काही कळतंय का, एवढंच तो बघायचा, आणि ती हसत असली की चिडायचा.

मे महिन्यात एका सकाळी ती बेल न वाजवता, दार ठोकतच आली. डोळे सुजलेले. एका हातात औषधाची बाटली, दुसऱ्यात चामड्याची छोटी पिशवी.

"काका, माझी लाज वाटते मला," ती उंबऱ्यातच म्हणाली. "माझ्याकडे चपटे किडे आहेत. सगळीकडे. निळी अर्धी गेली. मी मार्चमध्ये बुडापेस्टच्या मेळ्यातून दोन तुकडे आणले होते, त्यांतूनच आले असणार, धुतले होते तरी. आणि मी मूर्ख, इस्टरला तुम्हाला तुकडा दिला! तुमच्या टाकीत गेले असतील. काका, मला माफ करा."

काल्मानच्या छातीत आधी काही क्षण गार, गोड काहीतरी सरकलं. अर्धी गेली. मग तिचा सुजलेला चेहरा त्याला दिसला आणि तो गोडवा तोंडातच आंबला. "बघू या," एवढंच तो म्हणाला.

"बघायचं काय त्यात? तुमची प्रवाळं बाहेर काढू. एकेक करून. मी शिकलेय आता." तिने पिशवी उघडली. आत तिच्या कामावरची बारीक हत्यारं होती, ज्यांनी ती कवळ्यांच्या कडा घासायची. "किडे औषधाने मरतात, अंडी मरत नाहीत. ती खरवडावी लागतात. सहा आठवडे, दर शनिवारी. सकाळी तुमची, दुपारी माझी."

तो नको म्हणाला. ती ऐकेना. शेवटी त्याने टेबल मोकळं केलं.

असे तीन शनिवार गेले. न्हाणीघरात बादल्या, टेबलावर पांढरा टॉवेल, त्यावर ओळीने मांडलेल्या फांद्या. एमोके भिंग डोळ्याला लावून एकेक बूड खरवडायची. इतक्या हलक्या हाताने, की प्रवाळाच्या सालीला ओरखडाही पडत नसे. काल्मान शेजारी बसून खरवडायचा आणि त्याच्या हातून फांद्या तुटायच्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या प्रवाळांवर, स्वतःच्याच पापाची सफाई करताना ही पोर आपल्याहून सरस ठरतेय, या विचाराने त्याच्या अंगाचा भडका उडायचा. आणि लगेच त्या भडक्याची शरम वाटायची. शरमही फार वेळ टिकायची नाही. दोन्ही आळीपाळीने यायचं.

एतेल्का दुपारी आंबट चेरीचं थंड सूप आणि नोकेदली, म्हणजे कणकेचे उकडलेले छोटे गोळे, घातलेली कोंबडी वाढायची. एमोकेच्या ताटात दोनदा. नवऱ्याच्या ताटात वाढताना ती त्याच्याकडे बघायची आणि पातेलं उचलून आत जायची.

मंडळात मात्र लोक बोलत होते. मार्चमध्ये मंडळातल्या लोकांनी प्रवाळांची अदलाबदल केली, तेव्हा एमोकेने चौघांना तुकडे दिले होते, आणि त्या चौघांच्याही टाक्यांत कीड निघाली होती. वेंडेलने काल्मानला फोन केला. "दातवालीने सगळ्यांना कीड लावली रे. पहिल्या नंबरावर चढवली, हीच चूक झाली. तू एवढा शिकवून..." काल्मानने "हं" म्हणून फोन ठेवला. असं काहीतरी ऐकायला तो वर्षभर आसुसला होता. आता ते कानात पडलं आणि त्याला ऐकवलं नाही.

चौथ्या शनिवारी निळ्या एतेल्काचं मूळ खोड बाहेर काढलं. ते जड होतं, दोघांनी मिळून उचललं. एमोकेने ते आडवं करून आतल्या पोकळीत भिंग नेलं आणि तशीच थांबली.

"काका, इकडे बघा."

खोडाच्या आत तपकिरी अंड्यांची रांग होती. तिच्या खाली आणखी एक रांग, फुटलेल्या, रिकाम्या टरफलांची, आणि तिच्यावर शेवाळाचा दगडासारखा जांभळा थर चढलेला.

"हा थर चढायला चार महिने तरी लागतात," एमोके हळू म्हणाली. मग तिने भिंग खाली ठेवलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे मी आणले नाहीत! काका, हे इस्टरच्या कितीतरी आधीचे आहेत! माझ्यामुळे नाही आले तुमच्याकडे. अरे देवा, मी महिनाभर झोपले नाहीये." ती हसायला लागली, डोळे पुसत. "उलट तुमच्याकडूनच गेले असतील त्या तुकड्यातून. बिचारे तुम्ही, तुम्हाला पत्ताच नव्हता!"

ती हसत होती, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. तिला रागही आला नव्हता. यातून सुटायला त्याने फक्त मान डोलवायची होती.

"पत्ता होता," काल्मान म्हणाला.

"काय?"

"मला माहीत होतं. तू तुकडा न्यायला आलीस त्याच्या चार दिवस आधी मी बघितले होते. मुद्दाम सांगितलं तुला, बुडवू नकोस म्हणून. औषध सोसत नाही हे खोटं."

एमोकेचा हात त्याच्या खांद्यावरून निघाला. "का?"

त्याने उत्तर शोधलं. वय, थकवा, घाई, अशी बरीच सापडली असती. "तुझी निळी माझ्यापेक्षा निळी होती," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. एमोकेने हातातलं खोड पुन्हा उचललं. राहिलेली अंडी तिने खरवडली, एकही न सोडता, खोड औषधात हलवलं, स्वच्छ पाण्यात धुतलं आणि टाकीत जागच्या जागी बसवलं. मग आपली हत्यारं पुसून पिशवीत ठेवली.

"अजून दोन शनिवार आहेत," ती दाराशी म्हणाली. "आतल्या बाजूने बघत जा. बाहेरून दिसत नाहीत." आणि गेली. एतेल्का तिच्या मागे जिन्यापर्यंत धावली.

परत आली तेव्हा ती रडत होती. "मी त्या दिवशीच विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "मला कळलं होतं, आणि मी आत जाऊन कांदा चिरत बसले."

काल्मानने राहिलेले दोन शनिवार एकट्याने काढले. जूनच्या बैठकीला तो गेला. मंडळाची बैठक एका मिठाईच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भरायची. एमोके आली नव्हती. वेंडेलने विषय काढला की यापुढे कुणाकडून तुकडे घ्यायचे आणि कुणाकडून नाहीत याची यादी करावी. काल्मान उठला आणि कीड कुठून आली ते त्याने सांगितलं. कशी दिली, तेही.

"बस खाली, काल्मान," वेंडेल अवघडून म्हणाला. "तिला वाचवायला कशाला स्वतःच्या अंगावर घेतोस?"

"वाचवत नाहीये. तसंच झालं." आणि विश्वास बसेना म्हणून त्याने तारखा सांगितल्या, वहीतून वाचून. शेवटची तारीख वाचून होईपर्यंत समोरचा रेल्वेतला गृहस्थ आपली खुर्ची हळूच मागे सरकवत होता.

कुणी त्याला काढून टाकलं नाही. फक्त त्या ऑक्टोबरात त्याच्या घरी कुणी आलं नाही, आणि एतेल्कानेही काही भाजलं नाही. ट्रॅममध्ये अनोळखी लोक अजून विचारायचे, तुम्हीच ना ते? तो "नाही" म्हणायचा.

त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात वेंडेलकडून त्याला कळलं की एमोकेची टाकी पुन्हा भरली आहे, आणि आधीपेक्षा भारी झाली आहे. ऐकताक्षणी पोटात तीच जुनी कळ आली. काल्मानला वाटलं होतं, एवढं सगळं झाल्यावर निदान ती कळ तरी गेली असेल.

तो त्या शनिवारी तिच्याकडे गेला, सगळ्यांबरोबर, रांगेत उभा राहून. एमोके दारात होती. "या, कोच्चिश साहेब," ती म्हणाली. काका नाही. तरी दार तिने अडवलं नाही.

त्याने टाकी पाहिली. लोक मागून ढकलत होते तरी तो हलला नाही. फांद्या जाळीसारख्या एकमेकींत गुंफल्या होत्या, आणि प्रत्येक टोकाचा रंग वेगळा होता. डाव्या कोपऱ्यात प्रवाह थोडा कमी पडत होता. हे आपल्याला दिसलं याचा त्याला आनंद झाला, आणि आनंद झाला याची चीड आली.

निघताना तो तिच्याजवळ थांबला. "तुझी टाकी माझ्यापेक्षा चांगली आहे."

"ती आधीपासूनच होती," एमोके म्हणाली. मग टाकीकडे मान वळवून, "डावा कोपरा दिसला ना तुम्हाला?"

"दिसला."

"मलाही. पंप मागवलाय." आणि ती पुढच्या पाहुण्याकडे वळली.

घरी एतेल्काने माशाचं लाल, तिखट सूप केलं होतं. तिने त्याचा कोट घेतला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कशी आहे?"

"सुंदर."

"जळतंय?"

"हो," काल्मान म्हणाला. "खूप."

"बस मग," ती म्हणाली आणि त्याच्यासमोर वाडगा ठेवला. "गार होण्याआधी खाऊन घे."